शरीराचे खजिनदार : आपली उत्सर्जन संस्था

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमांत गच्चीवर झालेल्या व्याख्यानाचा हा मजकूर. वक्त्या बी विंगमधील सभासद असून निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका आहेत. ध्वनिमुद्रणावरून शब्दांकन केले आहे. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे. – स्मरणिका समिती)



अध्यक्ष, सेक्रेटरी, कमिटीचे सभासद आणि समोर बसलेले माझे सगळे शेजारी. सेक्रेटरी महिन्याभरापूर्वी घरी आले आणि म्हणाले, "बाई, रौप्यमहोत्सवात आरोग्यावर काहीतरी बोला." मी म्हटलं, बोलते, पण विषय माझा मी ठरवणार. त्यांना वाटलं असेल की योगासनं, नाहीतर आहार. विषय ऐकल्यावर ते जरा गप्प झाले. मग हळूच म्हणाले, "बाई, लहान मुलं असतील, ज्येष्ठ मंडळी असतील..." आता तुम्हाला सांगायला हरकत नाही, हे आपले सेक्रेटरी माझेच विद्यार्थी. दहावी ब. हा धडा चालू असताना शेवटच्या बाकावर जे खिदळत बसायचे, त्यांत हे पुढे होते. (हशा)

एकतीस वर्षं मी हा धडा शिकवला. हृदयाचा धडा मुलं छाती पुढे काढून वाचतात. मेंदूचा धडा आला की सगळ्यांना आपण हुशार वाटायला लागतो. आणि उत्सर्जन संस्था आली की निम्मा वर्ग मान खाली घालतो आणि उरलेला निम्मा खिदळतो. बरं, पाठ्यपुस्तकात शब्द काय, तर 'वृक्क'. घरी कुणी कधी 'माझं वृक्क दुखतंय' म्हणालंय का? मी आज सरळ किडनी म्हणणार आहे, मधूनमधून मूत्रपिंड. आणि लघवीला लघवी म्हणणार आहे. मुलांनी एकदाच काय ते हसून घ्यावं.

आधी एक गैरसमज काढते. सकाळी पोट साफ होणं म्हणजे उत्सर्जन, असं परीक्षेत कितीतरी मुलं लिहायची आणि मी गुण कापायची. आपला अन्नमार्ग म्हणजे तोंडापासून गुदद्वारापर्यंत शरीरातून आरपार गेलेली एक नळी आहे. आपल्या पार्किंगमधून मागच्या गल्लीत जायची वाट आहे ना, तशी. त्या वाटेने रोज दहा माणसं जातात, म्हणून ती काही आपल्या सोसायटीत राहायला आली असं होत नाही. न पचलेला चोथा रक्तात किंवा पेशीत कधी शिरलेलाच नसतो. पेशींनी काम करताना जो कचरा तयार केला तो बाहेर टाकणं, हे उत्सर्जन. कार्बन डायॉक्साइड फुप्फुसांतून जातो. थोडं मीठपाणी घामातून जातं. जुन्या तांबड्या पेशी मोडल्यावर उरलेला रंग यकृत पित्ताबरोबर आतड्यात सोडतं, मलाला तपकिरी रंग येतो तो त्याचा. तेवढा भाग मात्र खरं उत्सर्जन. बाकीचं मोठं काम किडनीकडे.

कचरा कसला, तर मुख्यतः प्रथिनांचा. डाळ, दूध, अंडी, मासे यांतली प्रथिनं वापरून झाली की त्यांतला नायट्रोजन उरतो आणि त्याचा अमोनिया होतो. अमोनिया विषारी. माशांना त्याची चिंता नाही, ते कल्ल्यांवाटे तो थेट पाण्यात सोडून देतात. आपल्याभोवती एवढं पाणी नाही. म्हणून आपलं यकृत त्या अमोनियाचा युरिया करून ठेवतं. युरिया बराच निरुपद्रवी आणि पाण्यात सहज विरघळणारा. पक्ष्यांनी तिसराच मार्ग काढला, ते यूरिक आम्ल करतात. ते पाण्यात फारसं विरघळत नाही, म्हणून जवळजवळ पाण्याशिवायच बाहेर टाकता येतं. कबुतरं आपल्या गाड्यांवर रोज जी पांढरी रांगोळी घालतात ना, ती तीच. ही कबुतरांची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे एक मोठा पक्षी येणार आहे.

युरियावरून एक आठवलं. सजीवांच्या शरीरातले पदार्थ प्रयोगशाळेत बनवता येणारच नाहीत, त्याला काही निराळी प्राणशक्ती लागते, असं पूर्वी बरेच शास्त्रज्ञ मानत. १८२८ साली फ्रीडरिश व्होलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने साध्या रसायनांपासून युरिया बनवून दाखवला आणि किडनीशिवाय युरिया करता येतो म्हणून आपल्या गुरूंना आनंदाने कळवलं. सेंद्रिय रसायनशास्त्राच्या जन्मकथेत पहिलं नाव लघवीतल्या पदार्थाचं आहे. खिदळणाऱ्या मुलांना मी हे मुद्दाम सांगायची.

आता किडनी. कमरेवर हात ठेवून उभं राहिलं की मागे अंगठे टेकतात, त्याच्या थोडं वर, शेवटच्या बरगड्यांच्या आसऱ्याने, पोटाच्या अगदी मागच्या भिंतीला चिकटून दोन असतात. राजम्याच्या दाण्यासारखा आकार, मुठीएवढी, लांबी दहा-बारा सेंटिमीटर, वजन साधारण दीडशे ग्रॅम. उजवी जरा खाली असते, कारण तिच्या डोक्यावर यकृत बसलंय. दोन्ही मिळून शरीराच्या वजनाच्या अर्धा टक्काही नाहीत. पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा पाचवा हिस्सा, कधी त्याहून जास्त, यांच्याकडे जातो. मिनिटाला लिटरभर रक्त. मी तास-दीड तास बोलेन म्हणतात, तेवढ्यात तुमच्या अंगातलं सगळं रक्त बारा-पंधरा वेळा तिकडे जाऊन येईल.

प्रत्येक किडनीत साधारण दहा लाख नेफ्रॉन असतात. नेफ्रॉन म्हणजे एक बारीक नळी, तिच्या तोंडाला पेल्यासारखी वाटी आणि त्या वाटीत केशवाहिन्यांचा गुंता. विल्यम बोमन या इंग्रज डॉक्टरने १८४२ साली या वाटीचं नीट वर्णन केलं, म्हणून पुस्तकात तिला बोमन संपुट म्हणतात. रक्त या गुंत्यातून दाबाने जातं आणि गाळलं जातं. रक्तपेशी आणि मोठी प्रथिनं मागे राहतात. पाणी, मीठ, साखर, युरिया, सगळं बारीकसारीक वाटीत उतरतं.

किती उतरतं? दिवसाला १८० लिटर. पाणीकपातीच्या दिवसांत आपण गॅलरीत निळी पिंपं भरून ठेवत होतो, २०० लिटरची, आठवतायत? जवळजवळ तेवढं. आणि रक्तातला द्रव भाग सगळा मिळून आहे जेमतेम तीन लिटर. म्हणजे तोच द्रव दिवसातून साठ वेळा गाळून होतो.

आणि लघवी होते किती? दीड लिटर, फार तर दोन. मग बाकीचं १७८ लिटर गेलं कुठे? इथे खरी गंमत आहे. पुढच्या लांब नळीत ते सगळं परत रक्तात घेतलं जातं. लोक म्हणतात किडनी म्हणजे शरीराचं ड्रेनेज. मला ते कधीच पटलं नाही. ड्रेनेज नुसतं सोडून देतं. किडनी शंभरातलं नव्व्याण्णव परत ठेवून घेते. ती आपल्या खजिनदारांसारखी आहे. (हशा) हसू नका, मी कौतुकानं म्हणतेय. एक रुपया बाहेर सोडायचा तर आधी तीनदा व्हाउचर बघणारे.

तुम्ही विचाराल, एवढा उपद्व्याप कशाला? नको असलेलंच तेवढं उचलून फेकावं. दिवाळीच्या आधी माळा कसा साफ करता, सांगा. वर चढून एकेक नको ती वस्तू शोधत बसलात तर दिवसभरात होत नाही. सगळं खाली काढायचं आणि लागतं तेवढंच परत वर ठेवायचं. किडनीने हीच रीत धरलीय. याचा फायदा असा, की प्रत्येक विष ओळखता यायला हवं असं राहत नाही. हवं ते ओळखता आलं की पुरे. कालपरवा निघालेलं एखादं नवीन औषध, जे मनुष्यजातीने कधी बघितलेलं नाही, तेसुद्धा वाटीत उतरलं आणि परत उचलणारं कुणी नसलं की आपोआप बाहेर जातं.

साखर मात्र ती पूर्ण उचलते, एक कणही सोडत नाही. पण उचलणाऱ्या हातांनाही मर्यादा आहे. रक्तातली साखर साधारण १८०च्या वर गेली की हात अपुरे पडतात आणि साखर लघवीत सांडते. 'मधुमेह' या शब्दातच ते आहे. रक्त तपासायची सोय नव्हती तेव्हा आपल्या जुन्या वैद्यांनी रोग ओळखला तो लघवीच्या गोडीवरून.

पाण्याचा हिशेब तर विचारूच नका. तुम्ही उन्हातून आलात, पाणी प्यायलं नाहीत, की मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीतून एक संप्रेरक सुटतं. ते किडनीला सांगतं, पाणी धरून ठेव. लघवी थोडी आणि गडद पिवळी होते. भरपूर पाणी प्यायलात की ते संप्रेरक थांबतं आणि लघवी पाण्यासारखी होते. निरोगी माणसात रात्री ते जास्त सुटतं, म्हणून आपण सहा-सात तास न उठता झोपू शकतो. दारूने ते दबतं. त्यामुळे एकतीस डिसेंबरला टेरेसवर जी मंडळी पुन्हापुन्हा खाली जाऊन येत असतात, त्यांचं शास्त्रीय कारण आता सर्वांना कळलं. (हशा)

शिवाय या खजिनदारांकडे वरकड खाती आहेत. रक्तदाब पडला की रेनिन नावाचा पदार्थ सोडून तो सावरायचा. हाडांतल्या मगजाला निरोप पाठवून तांबड्या पेशी बनवून घ्यायच्या. ड जीवनसत्त्वाला शेवटचा हात फिरवून कामाला लायक करायचं. म्हणूनच किडनी बिघडलेल्या माणसाला नुसती सूज येत नाही. त्याचं रक्त कमी होतं, हाडं ठिसूळ होतात, रक्तदाब चढतो. नाती लक्षात येत नाहीत आणि माणूस एकेका डॉक्टरकडे एकेक तक्रार घेऊन हिंडत राहतो.

आता जरा गंभीर बोलायचंय.

या दोघी तक्रार करत नाहीत. पंप बिघडला की चौथ्या मजल्यावरून लगेच फोन येतो. किडनीचं तसं नाही. निम्मं काम बंद पडलं तरी माणसाला काही कळत नाही. जेवतोय, चालतोय, लघवी व्यवस्थित होतेय. कित्येकांना वाटतं, लघवी होतेय ना, म्हणजे किडनी ठीक. अजिबात नाही. पाणी बाहेर पडतंय, त्यातून कचरा किती जातोय हे नुसतं बघून कळत नाही. आणि कंबर दुखते म्हणजे किडनी, हेही बहुतेक वेळा खरं नसतं. ते स्नायूंचं किंवा मणक्याचं असतं.

तिशी-चाळिशीनंतर गाळण्याची ताकद दर वर्षी थोडी थोडी उतरतेच, ढोबळमानाने वर्षाला एक टक्का धरा. पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा मी बेचाळीसची होते. तुमच्यातले बरेच जण पस्तिशीचे, चाळिशीचे. कर्जाचे हप्ते, मुलांच्या शाळा. बिल्डिंगचं स्ट्रक्चरल ऑडिट मागच्या वर्षी आपण भांडून भांडून करून घेतलं. स्वतःचं किती जणांनी केलं? हात वर करू नका, मला उत्तर माहीत आहे, कारण मीही केलं नव्हतं.

माझीच गोष्ट सांगते. लिफ्ट दीड महिना बंद होती ते आठवतं? माझे गुडघे आधीच कुरकुरत होते. तेव्हापासून मी दुखण्याची गोळी घ्यायला लागले. दुकानातून, चिठ्ठीशिवाय. आधी दुखेल तेव्हा, मग रोज एक, मग थंडीत दोन. असं दोन वर्षं. मला शास्त्र माहीत नव्हतं असं नाही. या गोळ्या शरीरातली जी रसायनं दाबून दुखणं कमी करतात, त्याच रसायनांवर किडनीकडे जाणारी बारीक रक्तवाहिनी उघडी राहणं अवलंबून असतं. वयस्कर माणूस, पाणी कमी, जोडीला रक्तदाब, आणि वर रोजची गोळी, की किडनीचा रक्तपुरवठा आवळला जातो. हे मी फळ्यावर काढून दाखवलेलं आहे. पण फळ्यावरची किडनी वेगळी आणि आपली वेगळी, असं काहीतरी मनात असावं.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी रक्त तपासलं तर क्रिएटिनीन १.५. पूर्वीच्या एका जुन्या रिपोर्टवर ०.९ होतं. क्रिएटिनीन म्हणजे स्नायूंच्या कामातून रोज निघणारा कचरा. किडनीने तो काढला नाही की रक्तात साठतो. गोळी बंद केली, तर १.२ वर आलं. ०.९ वर काही परत आलं नाही. त्यावरून वय वगैरे धरून गाळण्याचा वेग काढतात, रिपोर्टवर ईजीएफआर लिहिलेलं असतं. तरुण निरोगी माणसात तो नव्वदच्या वर. साठच्या खाली तीन महिन्यांहून जास्त राहिला तर तो जुनाट किडनीविकार धरतात. मी आज पन्नासवर आहे. माझे डॉक्टर म्हणतात, सांभाळलंत तर इथेच वर्षानुवर्षं राहाल. म्हणून मी सांभाळते.

आता तो मोठा पक्षी. आपल्या लहानपणी गावाबाहेर मेलेल्या जनावराभोवती गिधाडांचे थवे बसलेले असायचे. १९९० नंतर ती भराभर नाहीशी झाली. पांढऱ्या पाठीची गिधाडं शंभरातली नव्याण्णवहून जास्त गेली. मुंबईत पारशी समाजापुढे डुंगरवाडीतल्या अंत्यसंस्कारांचा प्रश्न उभा राहिला. कीटकनाशक असेल, साथ असेल, असे तर्क चालले होते. २००४ साली शास्त्रज्ञांनी कारण प्रसिद्ध केलं, ते होतं डायक्लोफेनॅक. गुरांना दुखण्यावर दिलेलं औषध. ते गुरू मेलं की त्याच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जायचं आणि काही दिवसांत त्यांच्या किडन्या बंद पडायच्या. मघाशी कबुतराचं सांगितलं ना, पक्ष्यांचा कचरा म्हणजे यूरिक आम्ल. ते बाहेर जाईना, तेव्हा हृदयावर, यकृतावर त्याची पांढरी पुटं चढलेली सापडली. २००६ साली भारताने गुरांसाठी ते औषध बंद केलं. माणसांसाठी ते चालू आहे. डॉक्टरांनी योग्य माणसाला थोडे दिवस दिलं तर ते चांगलंच औषध आहे. पण आपल्या मनाने, महिनोन्महिने, नको. तसंच कुणीतरी कुणालातरी गुण आला म्हणून आणून दिलेली, आत काय आहे ते न लिहिलेली भस्मं आणि पुड्यासुद्धा नकोत. त्यांत शिसं, पारा निघाल्याची उदाहरणं आहेत.

करायचं काय, ते झटकन सांगते. ज्यांना मधुमेह आहे, रक्तदाब आहे, साठी झालीय, किंवा घरात कुणाला किडनीचा विकार होता, त्यांनी वर्षातून एकदा रक्तातलं क्रिएटिनीन आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासावं. दोन्ही. नुसतं क्रिएटिनीन बऱ्याच उशिरापर्यंत ठीकठाक दिसू शकतं, लघवीत प्रथिन उतरायला लागतं ते आधी. रक्तदाब आणि साखर ताब्यात ठेवावी, किडन्या खराब होण्याची सर्वांत मोठी कारणं ही दोनच. मीठ कमी, लोणच्या-पापडासकट. आणि रोज चार लिटर पाणी प्या, असे जे संदेश फिरत असतात ते सरसकट खरे नाहीत. मुतखडा होऊन गेलाय त्यांनी जरूर जास्त प्यावं. हृदयाचा किंवा किडनीचा विकार असलेल्यांना उलट मोजून प्यायला सांगतात. बाकीच्यांनी तहानेकडे आणि लघवीच्या रंगाकडे लक्ष ठेवलं तरी भागतं. हां, बीट खाल्ल्यावर काहींची लघवी गुलाबी होते, त्याला घाबरू नये. पण बीट न खाता लाल झाली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

किडन्या पूर्ण थांबल्या तर डायलिसिस. विलेम कोल्फ नावाच्या डच डॉक्टरने दुसऱ्या महायुद्धात, जर्मनांच्या ताब्यातल्या हॉलंडमध्ये, १९४३ साली त्याचं यंत्र बनवलं. सॉसेजचं आवरण म्हणून मिळणारी सेलोफेनची नळी एका फिरत्या पिंपाभोवती गुंडाळून. पहिले पंधरा-सोळा रुग्ण वाचले नाहीत. १९४५ साली एक सदुसष्ट वर्षांची बाई वाचली. आज त्या यंत्राच्या जोरावर लाखो माणसं जगतायत. पण ते आठवड्यातून तीन वेळा, चार-चार तास. या दोन मुठी चोवीस तास जे करतात त्याचा तो थोडाच भाग. ज्यांच्या घरात हे चाललंय त्यांना मी काय सांगणार.

लघवी तयार झाली. ती मूत्रवाहिन्यांतून खाली येते, त्याही नुसत्या पाइप नाहीत, लाटांसारख्या आकुंचन पावत थेंब थेंब ढकलतात. म्हणून आपण आडवे झोपलो तरी काम चालू राहतं. खाली मूत्राशय. दीड-दोनशे मिलिलिटर साठलं की पहिली जाणीव होते, चार-पाचशेला आपण जागा शोधायला लागतो. तिथे दोन झडपा आहेत. आतली आपोआप चालते, बाहेरची आपल्या इच्छेने. तान्ह्या बाळात ती इच्छा नसते, दोन-तीन वर्षांचं झालं की शिकतं. मी इथपर्यंत जे सांगितलं, गाळणं, परत घेणं, संप्रेरकं, त्यातल्या कशावरही आपला हुकूम चालत नाही. एवढी एक बाहेरची झडप आपल्या हातात आहे.

एखाद्या वेळी धरून ठेवल्याने निरोगी माणसाच्या किडनीला काही होत नाही. लांबचा प्रवास असतो, सभा लांबते. प्रश्न येतो तो रोजचं झालं की. साठून राहिलेल्या लघवीत जंतूंना वाढायला वेळ मिळतो. बायकांचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा, पुरुषांचा अठरा-वीस. म्हणून बायकांना जंतुसंसर्ग फार लवकर होतो. तो मूत्राशयात असतो तोवर जळजळ, वारंवार जावंसं वाटणं. तिथून वर चढला आणि किडनीत गेला की हुडहुडी भरून ताप, कुशीत दुखणं, उलट्या.

आमच्याकडे नऊ वर्षं पोळ्यांना येणाऱ्या बाई आहेत, तुमच्यातल्या चार घरांतही त्या येतात. सकाळी सातला येतात, दोनला जातात. गेल्या मे महिन्यात त्या आठ दिवस आल्या नाहीत. फोनवर मुलगी म्हणाली, ताप आहे, थंडी वाजते. मी भेटायला गेले तर त्या दवाखान्यात, हाताला सलाईन. किडनीपर्यंत संसर्ग पोचला होता. वर्षात तिसऱ्यांदा झाला म्हणाल्या. मी माझ्या सवयीनं सुरू केलं, पाणी भरपूर पीत जा, उन्हाळा आहे, वगैरे. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "ताई, पाणी प्यायलं की जावं लागतं. जायचं कुठं?"

नऊ वर्षं. मला एकदम आठवेना की त्यांनी आमच्या घरात कधी बाथरूम विचारली होती का. विचारली नव्हती. आणि मीही कधी म्हटलं नव्हतं. मी, जिने एकतीस वर्षं फळ्यावर मूत्राशयाचं चित्र काढलं. उन्हाळ्यात मी त्यांना सरबत देत होते आणि त्या अर्धा पेला ठेवून देत होत्या. मला वाटायचं त्यांना गोड आवडत नाही.

सात तास त्या लघवीला जात नाहीत. घरून निघताना चहासुद्धा घेत नाहीत. आपल्या पाच विंगमध्ये अशा किती बायका येतात, मी गेल्या महिन्यात गेटवरच्या रजिस्टरमधून मोजलं. चौतीस. शिवाय झाडूवाली दोघं, दोन पाळ्यांचे वॉचमन, गाड्या धुणारी मुलं. वॉचमनना मी विचारलं, कुठे जाता? ते हसले आणि मागच्या भिंतीकडे बोट केलं. बायकांना तीही भिंत नाही.

आता हे मी का सांगतेय ते कमिटीला कळलंच असेल. ए विंगच्या जिन्याखाली, मीटर रूमला लागून, एक संडास आहे. मी नकाशा बघितलाय, मंजूर नकाशात तो आहे, पहिल्या दिवसापासून. त्यात सध्या गणपतीचं मखर, रंगाचे रिकामे डबे आणि कुणाचीतरी मोडकी सायकल आहे. नळाची लाइन आहे, टाकीशी जोडलेली नाही, एवढंच. दोन सर्वसाधारण सभांत मी विषय काढला. पहिल्यांदा 'अन्य विषय' संपेपर्यंत निम्मे लोक उठून गेले होते. दुसऱ्यांदा एक जण म्हणाले, उघडलं की घाण होते, साफ कोण ठेवणार. खरं आहे, साफ ठेवावं लागेल. आपापल्या घरातला आपण ठेवतोच की. प्लंबरने नळजोडणी, दार, दिवा आणि आतून कडी मिळून जो अंदाज दिलाय तो आजच्या या मांडवाच्या भाड्यापेक्षा कमी आहे. कागद मी सेक्रेटरींकडे दिलाय. किल्लीही त्यांच्याचकडे आहे, जुडग्यात हिरवी दोरी बांधलेली. बरोबर ना रे? (सेक्रेटरी : हो, बाई.)

आणि त्याला महिने लागतील, तोवर आपापल्या घरी. दार उघडताना पाण्याचा पेला पुढे करतो ना, त्याच वेळी एवढं म्हणायचं की बाथरूम इकडे आहे, लागेल तेव्हा जात जा. पहिल्यांदा म्हणताना अवघडल्यासारखं होतं, मलाही झालं. आमच्या बाई पहिले पंधरा दिवस 'नको नको'च म्हणत होत्या. आता सरबत संपवतात.

बरं, माझी वेळ होऊन गेली. सुरुवातीला चहा झाला होता, त्याला आता सव्वा तास झाला, आणि मागच्या दोन रांगांत चुळबुळ चाललेली मला इथून दिसतेय. शिक्षकाला दिसतंच. लिफ्ट चालू आहे, जाऊन या. प्रश्न त्यानंतर घेऊ. आणि कुणीतरी खाली गेटवर जाऊन वॉचमनकाकांना दहा मिनिटं सोडवा, ते सकाळी आठपासून तिथेच आहेत.